तापात साखर का वाढते? विषाणूजन्य श्वसनविकार आणि शरीरातील ग्रंथी



ऊस विकास विभागाच्या या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, हुमणी, लोकरी मावा असे विषय वाचत आला आहात. या खेपेस विषय जरा निराळा आहे. तो आम्ही निवडलेला नाही, सभासदांनीच आमच्यापुढे टाकला.

ऊस नोंदीच्या कामासाठी गटात फिरत असता एका वस्तीवर थांबलो. घरचे आबा सत्तरीच्या पुढचे. सर्दी-खोकल्याने आणि तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळलेले. मधुमेह जुनाच. उशाशी साखर तपासण्याचे छोटे यंत्र ठेवलेले होते. आम्हाला बघून उठून बसले आणि म्हणाले, "साहेब, चार दिस झालं, भाकरी बघवत न्हाई. च्याबी बिनसाखरंचा. आन् हे मशीन तीनशे वीस दावतंय. खाल्लं न्हाई तर साखर आली कुठनं? मशीन बिघाडलं का म्या बिघाडलो?"

सूनबाई म्हणाल्या, "म्हणून कालपासून इन्शुलिन बंद ठेवलंय. पोटात काय न्हाई, उगाच साखर उतरायची."

आबांचा प्रश्न अगदी बिनतोड होता, आणि सूनबाईंचा उपाय मात्र धोक्याचा होता. आम्ही पडलो शेतकी पदविकेचे माणूस. तेव्हा जागेवर एवढेच म्हणालो की आधी डॉक्टरांना फोन लावा. पण प्रश्न डोक्यातून जाईना. पुढे दुसऱ्या गटात, तिसऱ्या गटात तोच प्रश्न वेगवेगळ्या तोंडाने आला. म्हणून वाचन केले, कारखान्याच्या दवाखान्यातील डॉक्टरसाहेबांबरोबर दोन-तीन बैठका मारल्या, आणि हा लेख त्यांच्या नजरेखालून घालून मगच छापावयास दिला आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या जागेपासून करू. आपल्यापैकी बरेच जण उसावर जी.ए. आणि सिक्स-बी.ए. यांची फवारणी घेतात. पुडी केवढी असते? एकरी काही ग्रॅमची. जी.ए. पाण्यात सरळ विरघळत नाही म्हणून आधी स्पिरिटमध्ये विरघळवून घ्यायची. तेवढ्याशा भुकटीने फुटव्यात आणि कांड्यांच्या लांबीत फरक पडतो. युरियाच्या पोत्यासारखे हे पिकाचे अन्न नव्हे. हा पिकाला दिलेला निरोप आहे. 'फूट', 'लांब हो', 'पिकायला लाग' एवढाच. निरोपाला वजन लागत नाही, पण चुकीच्या वेळी दिला तर नुकसानही निरोपानेच होते, हे ज्यांनी मात्रा चुकवली आहे त्यांना सांगायला नको.

माणसाच्या शरीरातही असेच निरोपे आहेत. त्यांना संप्रेरके म्हणतात, डॉक्टर लोक हार्मोन म्हणतात. ती तयार करणाऱ्या ग्रंथी जागोजागी आहेत. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी, गळ्याच्या पुढच्या बाजूस थायरॉईड, पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड, आणि दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अ‍ॅड्रिनल ग्रंथी. या ग्रंथी आपला माल नळीने कुठे पाठवीत नाहीत, सरळ रक्तात सोडतात. पाटाला पाणी सोडले की ते भरणाऱ्या प्रत्येक वाफ्यापर्यंत जाते, तसे.

आता साखरेचा हिशोब. आपण साखर कारखान्याचे सभासद, तेव्हा हा हिशोब आपल्याला आवडेल. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर. उपाशीपोटी साखर १०० असते, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम. म्हणजे लिटरला एक ग्रॅम, आणि पाच लिटरला पाच ग्रॅम. अहो, सगळ्या अंगातल्या रक्तात मिळून साखर किती, तर चहाचा एक चमचा! आबांची साखर तीनशे वीस, म्हणजे सव्वातीन चमचे. एवढ्या दोन-अडीच चमच्यांवरून माणूस दवाखान्यात भरती होतो. हा एक चमचा रात्रंदिवस एक चमचाच ठेवायचा, हे काम इन्शुलिन आणि त्याच्या उलट बाजूने ओढणारी चार-पाच संप्रेरके मिळून करतात. इन्शुलिन साखर रक्तातून पेशींत ढकलते. कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनालिन, ग्लुकागॉन ही मंडळी यकृताला सांगतात की साठा बाहेर काढ, कमी पडला तर नवीन साखर तयार कर.

आबांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. साखर तोंडावाटे आली नव्हती. यकृताने आतून सोडली होती.

पण का सोडली? फ्लूचा किंवा कोरोनाचा विषाणू नाक, घसा, श्वासनलिका, फुप्फुसे इथल्या पेशींत शिरतो. शरीराच्या संरक्षक पेशी त्याला ओळखतात आणि रक्तात इशाऱ्याची रसायने सोडतात. त्यांना सायटोकाइन असे नाव आहे. ताप, अंगदुखी, अन्नावरची वासना उडणे, हे बरेचसे या रसायनांचेच काम, विषाणूचे नव्हे. ही रसायने मेंदूपर्यंत पोचतात. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पियूषिकेला कळवतो, पियूषिका अ‍ॅड्रिनलला कळवते, आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल वाढवतात. एरवी कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्री सर्वांत कमी असते. मोठ्या आजारात हे वेळापत्रकच मोडते, दिवसरात्र ते वरच राहते.

शरीराच्या दृष्टीने यात शहाणपण आहे. लढाई चालू आहे, माणूस जेवत नाही, तेव्हा मेंदूला आणि लढणाऱ्या पेशींना जळण कमी पडू नये म्हणून यकृताची वखार उघडायची. दुसरे असे, की संरक्षक पेशी एकदा चेकाळल्या की आपल्याच फुप्फुसाचा नाश करू शकतात. कॉर्टिसॉल त्यांनाही आवरून धरते. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचाच खुलासा करायचा आहे.

धडधाकट माणसात साखर वाढू लागली की स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडून ती ताळ्यावर आणते, आपल्याला पत्ताही लागत नाही. मधुमेह्याच्या स्वादुपिंडात तेवढी ताकद शिल्लक नसते. शिवाय त्या इशाऱ्याच्या रसायनांमुळे स्नायू इन्शुलिनचे ऐकेनासे होतात. मग साखर चढते. साखर चढली की पांढऱ्या पेशींचे काम मंदावते, आजार लांबतो, आजार लांबला की कॉर्टिसॉल वाढते, आणि साखर आणखी चढते. २००९ साली स्वाइन फ्लू आला, देशातला पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. त्या साथीतही मधुमेही आणि गरोदर स्त्रिया यांना धोका जास्त असल्याचे दिसले होते. पण गावोगाव ही गोष्ट पोचली ती कोरोनात.

महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. गाळप हंगाम चालू होता. पुढे टाळेबंदी लागली, तोडणी मजूर अडकले, राज्यातल्या आसवन्यांत सॅनिटायझर तयार होऊ लागले, हे सारे आपण पाहिले आहे. त्या उन्हाळ्यात या रोगावर खात्रीचे असे एकही औषध नव्हते. १६ जून २०२० रोजी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने चालविलेल्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल जाहीर झाला. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टिरॉईड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिले. कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांतील सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता त्यांना मात्र काडीचा फायदा झाला नाही.

स्टिरॉईड म्हणजे काय? कॉर्टिसॉलचाच कारखान्यात तयार केलेला भाऊ. वर जी दुसरी गोष्ट सांगितली, चेकाळलेल्या पेशींना आवरण्याची, तेच काम ते करते. फक्त हा भाऊ फार जोरकस. डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅम म्हणजे साधारण दीडशे मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्या बरोबरीचे. निरोगी शरीर दिवसाला तयार करते ते दहा मिलिग्रॅमच्या आसपास. पंधरा दिवसांचा कोटा एका दिवसात! आणि वर सांगितल्याप्रमाणे, कॉर्टिसॉल वाढले की साखर वाढते. म्हणजे जे औषध फुप्फुस वाचवते तेच साखर वर चढवते. रुग्णालयात रोज चार वेळा साखर तपासून, इन्शुलिन देऊन हे सांभाळता येते. घरी बसून नाही.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत काय झाले ते आठवा. खाट मिळेना, प्राणवायू मिळेना. एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या मोबाइलवर, दुसऱ्याची तिसऱ्याच्या. आमच्या गटातल्या एका सभासदाची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगतो, नाव तेवढे गाळतो. वय पंचेचाळीस. ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी भावकीतल्या एकाच्या चिठ्ठीवरून गोळ्या आणल्या. प्राणवायूची पातळी चांगली होती, म्हणजे स्टिरॉईडची गरजच नव्हती. सातव्या दिवशी ताप-खोकला गेला, अंगात हुशारी आली, भूक वाढली. गोळीनेच बरे वाटते म्हणून तीच चिठ्ठी दाखवून आणखी आणल्या. असे एकवीस दिवस. एकोणिसाव्या दिवशी गालाला बधिरपणा आला, नाकातून काळसर पाणी येऊ लागले. रुग्णालयात साखर पहिल्यांदा तपासली, चारशेच्या वर. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. ती काळी बुरशी निघाली. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनासाठी घरच्यांनी तीन जिल्हे पालथे घातले. जीव वाचला, पण वरच्या जबड्याचा एक भाग काढावा लागला. आज ते शेतावर येतात, खोडव्याच्या बगला स्वतः फोडून घेतात, पण भाकरी दुधात कुस्करूनच खावी लागते. आम्हाला म्हणाले, "साहेब, लिवा. माझं झालं ते झालं, पर लिवा."

या बुरशीची गंमत अशी की ती आपल्याला नवी नाही. माती, कुजणारा पालापाचोळा, कंपोस्ट यांत ती असतेच. आपण पाचट कुजवतो तिथेही तिच्या जातीच्या बुरशी काम करीत असतात. तिचे बीजाणू आपण रोज श्वासातून घेतो आणि निरोगी शरीर त्यांचा निकाल लावते. तेव्हा कंपोस्टच्या खड्ड्याला भिण्याचे कारण नाही. रक्तात साखर भरपूर, पांढऱ्या पेशी साखरेने मंद झालेल्या, त्यावर स्टिरॉईडने आणखी दाबलेल्या, अशी तयार जमीन मिळाली तरच ती रुजते. काळी म्हणतात ती बुरशीच्या रंगावरून नव्हे, तिच्यामुळे मेलेला भाग काळा पडतो म्हणून. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने हा रोग १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नोंद करण्याजोगा धरावा असे राज्यांना कळविले. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, त्यांत ९ हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातले. स्टिरॉईडशिवाय आणि मधुमेहाशिवायही थोड्यांना तो झाला, पण बहुतेकांत या दोहोंपैकी एक तरी सापडले.

कोरोनातून उठल्यावर नव्याने मधुमेह लागला असे सांगणारेही बरेच भेटतात. ही नुसती समजूत नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नोंदींवरून केलेला एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. कोरोना होऊन गेलेल्यांत वर्षभरात मधुमेह निघण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होते, हजारी सांगायचे तर तेरा माणसे जादा. हे बहुतेक उतारवयाचे पुरुष होते, तेव्हा हाच आकडा तरण्या पोरांना जसाच्या तसा लावू नये. कारणे एकापेक्षा जास्त आहेत. काहींना मधुमेह आधीपासूनच होता, आजाराने तो उघडा पाडला. काहींची साखर आजाराच्या ताणाने आणि स्टिरॉईडने वाढली, ती पुढे उतरलीही. विषाणू स्वादुपिंडातील इन्शुलिनच्या पेशींना थेट इजा करतो असेही काही शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे, त्यावर वाद चालू आहे. आपल्यापुरता उपयोगाचा मुद्दा असा, की आजारपणात साखर जास्त निघाली तर डॉक्टर 'तीन महिन्यांची साखर' ही तपासणी सांगतात. ती जास्त आली तर मधुमेह जुना आहे असे समजावे. ती ठीक असून नुसती त्या दिवसाची साखर जास्त असेल तर ताणाची असू शकते. पण मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायची, विसरायचे नाही. विसरणारेच जास्त, असे डॉक्टरसाहेब म्हणाले.

आता सूनबाईंच्या उपायाकडे वळू. जेवण नाही म्हणून इन्शुलिन पूर्ण बंद करणे ही आजारपणातली सर्वांत मोठी चूक. कारण वर पाहिलेच, की साखर आतून येते आहे. इन्शुलिन अजिबात नसेल तर पेशी साखर वापरू शकत नाहीत, शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात आम्ल साठते. उलट्या, पोटात दुखणे, जोराचा श्वास, ग्लानी ही त्याची लक्षणे. मात्रा कमी करायची की वाढवायची ते साखर मोजून डॉक्टरांनी ठरवायचे, पण आपल्या मनाने शून्यावर आणायची नाही. तापात दर चार-सहा तासांनी साखर मोजावी. पेज, ताक, डाळीचे पाणी असे काहीतरी घोट घोट चालू ठेवावे. गोळ्यांचे मात्र थोडे वेगळे आहे. उलट्या-जुलाबाने अंगातले पाणी आटले असेल तर मेटफॉर्मिन, आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात. अलीकडे या गोळ्या स्वस्त झाल्याने बऱ्याच सभासदांना चालू आहेत. यांच्यामुळे साखर फार न वाढताही आम्ल साठू शकते. म्हणून धडधाकट असतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा, की आजारी पडलो तर यातले काय चालू ठेवू आणि काय थांबवू. त्यांच्याकडून चार ओळी कागदावर लिहून घ्या आणि फळीवर खिळ्याला अडकवा.

आतापर्यंत कॉर्टिसॉल जास्त झाल्याची गोष्ट झाली. ते कमी पडण्याची गोष्ट आम्हाला त्याहून जास्त काळजीची वाटते, कारण ती कोणाच्या ध्यानात येत नाही.

एका हंगामात आमच्याकडील तोडणी टोळीतला एक मजूर फडातच कोसळला. दोन दिवस सर्दी-ताप होता, टोळीत सगळ्यांनाच होता, बाकीचे उठून कामाला लागले. हा मात्र ओकाऱ्या काढत होता, हातपाय गार, बोलणे तुटक. ट्रॅक्टरच्या माणसांनी उचलून तालुक्याला नेले. रक्तदाब हाताला लागेना, आणि साखर पन्नाशीच्या आसपास. आबांच्या अगदी उलट! तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गोल सुजल्यासारख्या चेहऱ्याकडे पाहिले आणि बायकोला विचारले, "गुडघ्यासाठी पुड्या घेतो का?" घेत होता. वर्षभर. बाजाराच्या दिवशी एक जण विकायला यायचा. पुडी घेतली की तासाभरात गुडघा मोकळा.

अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉईडच असते. बाहेरून रोज आयता माल येतो म्हटल्यावर पियूषिका अ‍ॅड्रिनलला हुकूम देणे बंद करते, आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम नसल्याने आकसतात. शेजाऱ्याच्या मोटारीचे पाणी वर्षभर मिळाले की आपल्या विहिरीवरची मोटर गंजून जाते, तशातला प्रकार. एरवी काही कळत नाही. पण ताप आला, शरीराने नेहमीच्या कितीतरी पट कॉर्टिसॉल मागितले, की ग्रंथीत काहीच निघत नाही. त्यातच टोळी गाव सोडून आली होती, पुडीवाला मागे राहिला, म्हणजे बाहेरचाही पुरवठा तुटला. सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या इंजेक्शनाने तो गडी संध्याकाळपर्यंत उठून बसला. त्या बाईंनी पुडीचा प्रश्न विचारला नसता तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

दम्यासाठी, सांध्यांसाठी, त्वचेसाठी डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉईड हे वाईट औषध नव्हे, हे इथे स्पष्ट केले पाहिजे, नाहीतर लेख वाचून कोणी आजच गोळी फेकून द्यायचा. तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतलेले स्टिरॉईड एकदम बंद करणे हेच धोक्याचे. ते पायरीपायरीने उतरवावे लागते, म्हणजे ग्रंथी हळूहळू जागी होते. आणि ते चालू असताना ताप आला तर डॉक्टर मात्रा काही दिवस वाढवून देतात. कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी आधी सांगा की मला स्टिरॉईड चालू आहे किंवा अमुक महिन्यापर्यंत चालू होते. पुड्या घेत असाल तर तेही लाज न बाळगता सांगा. डॉक्टर रागावतील, रागावू द्या.

थायरॉईडचा एक प्रकार थोडक्यात सांगतो, कारण त्यात उपचार उलटा होतो. सर्दी-ताप बरा झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी गळ्याच्या पुढच्या भागात दुखू लागते, हात लावू देत नाही, कळ जबड्याकडे, कानाकडे जाते. बारीक ताप, छातीत धडधड, हाताला कंप, वजन उतरणे. लोकांना वाटते घसा पुन्हा बसला, आणि अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स होतात. स्वित्झर्लंडचे शल्यवैद्य द केर्व्हाँ यांनी १९०४ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. कोरोनानंतर असा रुग्ण प्रथम इटलीत २०२० मध्ये नोंदला गेला.

यात काय होते ते कारखान्याच्या भाषेत सहज कळेल. थायरॉईड ही माल साठवून ठेवणारी ग्रंथी आहे, दोन-तीन महिने पुरेल एवढे संप्रेरक तिच्या गोदामात असते. सूज आली की गोदामाची भिंत फुटते आणि साठा रक्तात सांडतो. गाळप वाढलेले नाही, गोदाम फुटले आहे! अशा वेळी गाळप बंद करण्याच्या गोळ्या देऊन काय होणार? म्हणून थायरॉईड जास्त झाल्यावर एरवी देतात त्या गोळ्या इथे चालत नाहीत. वेदनाशामक, गरज पडल्यास थोडे दिवस स्टिरॉईड, आणि धडधडीवर गोळी. सांडलेला साठा संपला की गोदाम रिकामे, मग काही महिने उलट थायरॉईड कमी पडते. सुस्ती, थंडी वाजणे, अंग जड होणे. बहुतेकांचे वर्षाच्या आत मूळपदावर येते, थोड्यांना कायमची गोळी लागते. आणखी एक, भर आजारात हौसेने थायरॉईड तपासू नये. मोठ्या तापात शरीर काटकसर म्हणून स्वतःच हे संप्रेरक कमी करते. तो आकडा पाहून गोळ्या सुरू झाल्या की नाहक फेरा मागे लागतो.

म्हाताऱ्या माणसांविषयी एक सूचना. न्यूमोनियात पियूषिकेतून पाणी धरून ठेवणारे संप्रेरक जास्त सुटते, लघवी कमी होते, अंगात पाणी साठते आणि रक्तातले सोडियम पातळ होते. अशा वेळी आजी अचानक वेडेवाकडे बोलू लागली, माणसे ओळखेना, झोपेतच राहू लागली, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. ताप असो वा नसो, सोडियम तपासायला न्या. घरी मीठ-पाणी पाजून हे बरे करू नका, फार घाईने सोडियम वाढले तरी मेंदूला अपाय होतो.

रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल २०२० मध्ये बराच गोंधळ उडाला होता, तोही निस्तरून टाकू. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरताना एसीई-२ नावाच्या प्रथिनाला पकडतो. हे प्रथिन रक्तदाब सांभाळणाऱ्या संप्रेरकांच्या साखळीतलेच एक आहे. रामिप्रिल, टेल्मिसार्टन या गोळ्यांनी ते वाढेल आणि विषाणूला दार उघडे मिळेल, अशी शंका निघाली. पुष्कळांनी गोळ्या सोडल्या आणि काहींना त्याने त्रास झाला. पुढे चाचण्या झाल्या, या गोळ्या चालू ठेवल्याने धोका वाढत नाही असे दिसून आले. तेव्हा सर्दी झाली म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने सोडायची नाही.

स्त्रियांची पाळी मोठ्या आजारानंतर एक-दोन महिने मागेपुढे होऊ शकते, पुरुषांतही तापाने बीज तयार होण्याचे काम दोन-अडीच महिने मंदावते. दोन्ही बहुधा आपोआप सावरते. सावरले नाही तर दाखवावे. याविषयी गावात जी कुजबूज चालते तिच्यात अर्थ नाही.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो आणि लसही बदलते. मधुमेही, दमेकरी आणि वयोवृद्ध सभासदांनी ती घ्यावी असा डॉक्टरसाहेबांचा आग्रह आहे. पाऊस सुरू होण्याआधी घेतलेली बरी.

आबांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्याच संध्याकाळी डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्शुलिन पुन्हा चालू झाले, तीन दिवसांनी ताप उतरला, आणि आठवड्याने साखर दीडशेवर आली. यंत्र बिघडलेले नव्हते. आमच्या नोंदवहीत त्यांच्या पाऊण एकराची लागण तारीख चुकलेली होती तेवढी त्यांनी अंथरुणावरूनच दुरुस्त करून घेतली.

ज्या सभासदांना आजारपणात घ्यायच्या काळजीचा तक्ता घरात लावण्यासाठी हवा असेल त्यांनी आपापल्या गट कार्यालयात नाव सांगावे. स्टिरॉईड किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांसाठी खिशात ठेवायची चिठ्ठीही तिथेच मिळेल, तीवर औषधाचे नाव आणि मात्रा मात्र आपल्या डॉक्टरांकडूनच भरून घ्यावी. टोळी मुकादमांनीही आपल्या माणसांसाठी ती न्यावी.

खोडव्यातील पाचट कुजविण्याविषयीच्या लेखाचा राहिलेला भाग पुढील अंकी.

— ऊस विकास अधिकारी